पॉप्लर गेल्यानंतरचा वारा

(एप्रिलमधला शनिवार, दुपार. पावसामुळे मॅच थांबली आहे. क्लबच्या बेसबॉल मैदानाबाहेर उभ्या गाडीत बाप आणि सोळा वर्षांची मुलगी.)

संहिता : म्हणजे यादीत मी अकरावी.

श्रीकांत : अकरावी.

संहिता : आणि सगळ्या क्लबांमधून टीममध्ये घेणार दहा.

श्रीकांत : दहा. यादी मीच केलीय, तेव्हा निवड समितीच्या मेलमधून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून सांगितलं. डबा उघड, पोहे गार होतायत.

संहिता : राहू देत पोहे. बाबा, गेल्या सीझनला सगळ्या क्लबांच्या मुलींमध्ये माझी बॅटिंग चौथी होती. तूच स्कोअर लिहितोस, तूच घरी येऊन सांगितलंस. आईने शिरा केला होता.

श्रीकांत : ते कच्चे आकडे गं. प्रत्येक मैदान वेगळं असतं. आपल्या इथे उजवीकडे कालवा, म्हणून कुंपण आत घेतलंय. दुसरीकडे जो बॉल झेलला जातो, तो इथे पाण्यात पडतो. मग इथे खेळणाऱ्यांचे आकडे थोडे कापायला नकोत का?

संहिता : मी उजवीकडे मारतच नाही! माझे सगळे डावीकडे आणि मधे जातात.

श्रीकांत : एकेकीची बाजू बघून नाही करता येत. मैदानाला एक आकडा काढायचा आणि तो सगळ्यांना सारखा लावायचा. तीन सीझनचे सामने घेतलेत मी. इथे बाहेरच्या टीमसुद्धा जास्त मारतात. बारा टक्के. हे मी ठरवलेलं नाही, आकडेच सांगतायत.

संहिता : तीन सीझन?

श्रीकांत : एका वर्षावर कोण विश्वास ठेवणार? एखादा उन्हाळा गरम गेला की बॉल लांब जातो, थंडी आणि ओल असली की जात नाही. तीन वर्षं घेतली की सगळं सारखं होतं.

संहिता : आणि झाडं?

श्रीकांत : कुठली झाडं?

संहिता : बाबा, सीरियसली? कुंपणामागची. पॉप्लरची अख्खी रांग होती तिथे.

श्रीकांत : हो, ती. कीड लागली होती ना.

संहिता : मागच्या फेब्रुवारीत नगरपालिकेची माणसं करवती घेऊन आली आणि दोन दिवसांत सगळं साफ. तू तर एक ओंडका मागून आणलास. गाडीच्या डिकीत घालून. आई किती चिडली होती.

श्रीकांत : चांगलं स्टूल झालं त्याचं.

संहिता : त्याच स्टुलावर बसून तू ही फाईल केलीस ना?

श्रीकांत : ...थांब जरा.

संहिता : आधी आईची खुर्ची कायम डावीकडे, स्वेटरसुद्धा नसायचा. मागच्या मेमध्ये तिथेच तिची छत्री उलटी झाली. आता ती मॅच बघायला डगआउटच्या, खेळाडूंच्या शेडच्या मागे लपून बसते. तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही, पण वारा कुठून येतो ते कळतं.

श्रीकांत : समुद्राकडून. म्हणजे समोरून. तुमच्या तोंडावर.

संहिता : मी उंच मारलेला बॉल वर जाऊन थांबतो, बाबा. मग खाली येतो. तुला कधी दिसलं नाही?

श्रीकांत : मी बॉल कुणी पकडला ते लिहितो. कुठे थांबला ते लिहीत नाही.

संहिता : तू काचेच्या खोलीत बसतोस. हीटर लावून.

श्रीकांत : म्हणजे पहिली दोन वर्षं झाडांच्या आडोशाची. बॉल लांब जायचा, तेव्हा खेळल्या त्या मोठ्या मुली. आणि तू या गटात आलीस...

संहिता : झाडं गेल्यावर. त्यांना मिळालेला आडोसा तू माझ्यातून कापलास.

श्रीकांत : हं. एकच सीझन वेगळा काढला तर... बारा टक्के राहत नाहीत. कदाचित उलट आकडे वाढवून द्यावे लागतील. तू पाचवी-सहावी येशील. अन् फेन्ना बाहेर जाईल. आत्ता यादीत दहावी आहे ती.

संहिता : यादी गेली?

श्रीकांत : काल दिली. आज सहापर्यंत दुरुस्ती चालते.

संहिता : अडीच वाजलेत.

श्रीकांत : अगं, कसं दिसेल ते? मुलगी अकरावी आल्यावर बापाला झाडं आठवली! मी स्वतः सांगितलं होतं त्यांना, माझी मुलगी यात आहे, तर माझ्या आकड्यांवर बारीक नजर ठेवा म्हणून.

संहिता : आणि तशीच ठेवलीस तर?

श्रीकांत : तर कुणी काही बोलणार नाही.

संहिता : बोलतील की. म्हणतील, काय सरळ माणूस आहे, स्वतःच्या मुलीलासुद्धा सोडलं नाही.

श्रीकांत : संहिता.

संहिता : बाकीच्या मुलींचे आकडे किती वेळा तपासलेस?

श्रीकांत : दोनदा. काहींचे तीनदा. फेन्नाच्या कोचने फोन केला होता, म्हणून तिचे परत एकदा.

संहिता : आणि माझे?

श्रीकांत : एकदाच.

संहिता : का?

श्रीकांत : तू खाली गेलीस ते बघून मला हायसं वाटलं. खरं सांगतो. म्हटलं, सुटलो, आता कुणी बोट दाखवणार नाही. पुढे बघितलंच नाही मी.

संहिता : (पोह्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवते.)

श्रीकांत : असं नव्हतं व्हायला पाहिजे. चुकलं माझं.

संहिता : हो.

श्रीकांत : दोन्ही याद्या पाठवतो. झाडं कापल्याची तारीख लिहितो, आणि ही चूक माझी आहे, तेही. हिशेब त्यांच्यातल्या कुणीतरी परत करावा, म्हणावं. मग काय ते ठरवू देत. चालेल? अगं, दार कशाला उघडतेस? पाऊस आहे.

संहिता : असू दे. तू ते लिहिताना मी शेजारी बसलेली कुणाला दिसायला नको.