शेजारच्या वर्गातले दिवे

कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रिंटसाठी रांगेत उभा होतो. पुढे पेपर देऊन आलेली एक मुलगी, वर्गांमधली यंत्रं सांभाळणाऱ्या वेंडेलना जाब विचारत होती.

“अहो, पेपर चालू असताना तीनदा दिवे गेले आमचे!”

“कुणी हललं नाही की आपोआप जातात ते.”

“मग शेजारच्या वर्गातले एकदाही कसे नाही गेले? तिथला सेन्सर वेगळा आहे?”

“छे! दोन्ही मीच बसवलेत. तिथे सुपरव्हिजनला लिंडक्विस्ट सर होते ना?”

“हो. पण ते तर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत म्हणे.”

“आणि त्यांचा डावा हात?”

“तो थरथरतो ना, म्हणून कायम खिशातच असतो.”

“आज दोनदा डोकावलो मी. दोन्ही वेळा टेबलावर होता, सगळ्या पोरांसमोर.”