बाबांची बिस्किटी सीट

चामड्याला हात लावला की हात धुवायचे, धुतल्याशिवाय घरात पाय टाकायचा नाही, आणि काहून ते विचारायचं नाही — तुम्ही आत्ता विचारलं नं भाऊ, की दारात येऊन ती म्हातारी मला काय बोलून गेली, तर ती माझी आत्या, इंदुताई, आणि ती हेच बोलून गेली. तिसरीत होती मी तेव्हा एकदा विचारलं होतं, काहून म्हणून. उत्तर नाही मिळालं, साबण लावून हात पुन्हा धुवायला लावले. आता केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, तरी उत्तर तेच, साबण तेवढा बदलला. बसा नं. खुर्चीवर नको, तिला रंग लागला आहे, त्या स्टुलावर बसा. मोठेबाबा येतील आता — मनोहरराव, ज्यांनी तुम्हाला फोन करून बोलावलं ते, माझ्या बाबांचे मोठे भाऊ. शर्ट बदलून राहिले असतील. कळमन्याला धान्याची अडत आहे त्यांची, सौदा म्हटला की इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तोवर माझ्याशी बोला. म्हणजे बोलू नका, ऐका. गाडी माझ्या बाबांची आहे, बाबा मागच्या दिवाळीआधी गेले, आणि ती विकायची की नाही हे अजून ठरलं नाही. हे त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, तिकडं महाल भागातून एवढ्या उन्हात आलेल्या माणसाला तेवढं कोणी सांगितलं नाही.

हात नका लावू. बिलकुल नका लावू, ओलं आहे ते. हो, ड्रायव्हरची सीट आहे, मीच काढली, चार बोल्ट असतात खाली, त्यात काय एवढं. आणि हे पांढरं-पांढरं जे भरलं आहे नं भेगांमध्ये, ते फिलर आहे, लांबी भरतो नं आपण भिंतीला, तसंच, फक्त हे वाळल्यावर वाकतं, मोडत नाही. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचं, बारीक पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा थर. मग रंग — ब्रशनं नाही, स्पंजनं, टिपून टिपून. लोक एका दमात जाड रंग फासतात आणि पंधरा दिवसांनी पापुद्रे निघाले की कंपनीला शिव्या देतात. आणि सगळ्यात आधी धुणं, ते तर पाहण्यासारखं होतं. मऊ ब्रशनं फेस करून शिवणीतली घाण काढली, तर तीन बादल्या काळं पाणी निघालं, आणि आत्या खिडकीतून पाहून म्हणते, मेलेल्या जनावराचं पाणी अंगणात सांडून राहिली. मी म्हटलं आत्या, ते जनावराचं नाही, माणसांचंच आहे, आपल्यासारख्यांचा घाम आहे तो. दिवसभर बोलली नाही माझ्याशी. चांगला गेला दिवस.

हे पाहा, हा रंग खरा. सीटच्या खालच्या बाजूला, जिथं ऊन नाही लागलं, तिथं पाहा वाकून — बिस्किटी. रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची होती गाडी. बाबा पाहायला गेले तेव्हा मी सोबत होती. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, इंजिन पाहिलं नाही, टायर पाहिले नाहीत, दार उघडून सीटवर बसले आणि दोन्ही हात मांडीच्या बाजूला असे ठेवून बसूनच राहिले. डॉक्टर चावी द्यायला आले तरी उठले नाहीत. मला म्हणाले, मयुरा, हात लावून पाह्य, कसं गार लागते. बस. त्यावर घेतली त्यांनी गाडी. आणि घरी आणली, तर आत्या आरतीचं ताट घेऊन उभी, तिनं सीट पाहिली आणि ताट तिथंच खाली ठेवलं. चामड्याची हाये? चामड्याची हाये. मग काय, पोळ्याले ज्याची पूजा करतो त्याच्या कातड्यावर बसशीन का रे तू — एवढंच म्हणाली ती, आणि बाबा उतरले. बाबांनी संध्याकाळी गाडी नेली आणि जाड रेक्झिनचे कव्हर बसवून आणले. त्याखाली आणखी एक प्लास्टिक, अगदी काही लागू नये म्हणून. आत्याच्या बोलण्यात अगदीच अर्थ नव्हता असं मी नाही म्हणत, बैलाचं मला लहानपणी पटलंही होतं. पण मग मोठेबाबांच्या पायात काय आहे? भजनी मंडळाच्या मृदंगाला काय लावलं आहे, ताडपत्री? तिथं कोणी हात धुतलेले मी पाहिले नाहीत.

तर बाबा ती गाडी मरेपर्यंत चालवत होते, भाऊ, पण त्या कातड्यावर ते निवांत बसले एकदाच, दुसऱ्याच्या पोर्चमध्ये.

नाही, मी रडून नाही राहिली. थिनरचा वास आहे हा.

पुढचं ऐका, हे तुमच्या कामाचं आहे. नागपूरचं ऊन, गाडी उघड्यावर, वरून रेक्झिन, आत प्लास्टिक, त्याच्या आत कातडं — काय होईल? शिजेल. उन्हाळ्यात शिजलं, पावसाळ्यात बुरशी धरली, आणि प्लास्टिक वितळून असं चिकटलं की ओढलं तेव्हा सोबत वरची सालच आली. जपायचं म्हणून झाकलं आणि झाकूनच खराब केलं. आमच्या घरात सगळ्याच गोष्टींचं असं करतात. आणि एवढ्यावर थांबले नाहीत. चार दिवसांपूर्वी मी कॉलेजात होती, शिकवते मी, तासिका तत्त्वावर, आणि इकडं मोठेबाबांनी काय केलं? गिऱ्हाइकाला गाडी दाखवायची म्हणून मागच्या सीटला खोबरेल तेल लावलं. चमकते म्हणे. आणि लावलं कसं — काठीला फडकं बांधून, दारात उभं राहून, जाळं काढतात नं घरातलं, तसं. हात नको लागायला. आता ते तेल आत मुरलं, त्यावर ना फिलर धरत, ना रंग. दोन दिवस मी फक्त तेल उपसून राहिली. वास घ्या, घ्या नं, अजून येतो. तुम्ही आज आले असते आणि मी ते तेल काढलेलं नसतं, तर तुम्ही चमक पाहून खूश झाले असते आणि घरी नेल्यावर महिनाभरात तुमच्या बायकोच्या साडीला तेलाचे डाग आणि सीटला मुंग्या. मग तुम्ही कोणाला शिव्या दिल्या असत्या? मेलेल्या माणसाला. गाडी कोणाची होती, तर गुरुजींची.

बोलतील ते, बोलू द्या. आतून येऊन राहिला तो आवाज त्यांचाच. मोठेबाबा म्हणून राहिले की पोरीचं डोकं तापलं आहे उन्हानं, तिच्याकडं लक्ष देऊ नका. शर्ट घालून कधीचे बसले आहेत ते त्या खिडकीशी, येत काहून नाहीत बाहेर? कारण इथं आले तर सीटच्या बाजूनं यावं लागते, आणि जागा नाही, धक्का लागेल. मी मुद्दामच अशी ठेवली आहे.

कोणी शिकवलं? कोणी नाही. यूट्यूबवर पाहिलं, चुकली, पुन्हा पाहिलं. पहिल्यांदा मिसळलेला रंग भोपळ्यासारखा झाला होता. तुम्ही ज्या नजरेनं विचारून राहिले तीच नजर आमच्या घरात सगळ्यांची — कोणीतरी शिकवलंच असणार. आत्यानं तर नाव घेऊनच विचारलं, त्यानं शिकवलं का वं तुले हे. प्रशिकनं. आता या माणसाचं ऐका. त्याचे वडील चाळीस वर्षं गणित शिकवत होते, आई पोस्टात, तो स्वतः पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, आणि त्याला स्वतःच्या बुटाला नीट पॉलिश करता येत नाही, मोज्याला लावून घेतो. चामड्याचा आणि त्या घराचा संबंध एवढाच. पण आत्याच्या डोक्यात सगळं एकाच फळीवर ठेवलेलं आहे. मी इथं ब्रश घेऊन बसली की तिला गाडी दिसत नाही, तिला दिसते की पोरगी आत्तापासूनच त्यांच्यातली झाली. मोठेबाबा तसे स्पष्ट बोलत नाहीत, ते व्यापारी आहेत. ते म्हणाले, हे काम आपलं नाही. मी म्हटलं, मग कोणाचं आहे? सांगा नं, नाव घ्या. नाही घेतलं. आमच्याकडे नाव घेत नाहीत, फक्त हात धुतात.

मी तुम्हाला हे काहून सांगून राहिली माहीत नाही. तुम्ही गाडी पाहायला आले. पण आता अर्धं सांगून काय ठेवायचं, तसंही तुम्ही संध्याकाळपर्यंत महालात सगळ्यांना सांगाल की कळमन्याच्या मनोहररावांची पुतणी वेडी आहे, तर निदान पूर्ण सांगा. पुढच्या शुक्रवारी माझं आणि प्रशिकचं लग्न आहे, नोंदणी पद्धतीनं. यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. बाबांना तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं. प्रशिक पहिल्यांदा घरी आला तेव्हा बाबांनी त्याला त्याच गाडीतून सोडून दिलं, थेट त्यांच्या इंदोऱ्याच्या वस्तीत, त्याच्या दारापर्यंत, आणि त्याच्या आईच्या हातचा चहा पिऊन आले. घरी येऊन बाबा म्हणाले, चहा चांगला होता. एवढंच धाडस होतं त्यांच्यात. चहापुरतं. मला वाईट वाटत नाही त्याचं, आमच्या घरात तेवढंही दुसऱ्या कोणात नव्हतं.

आणि काल रात्री जेवताना मोठेबाबांनी सौदा मांडला. गाडीच्या कागदांवर आईची आणि माझी सही लागते, आईनं केली आहे. मी केली की गाडी विकायची. मग ते येतील लग्नाला. आत्या येईल, आई येईल, सगळे येतील, साक्षीदार म्हणून सही करतील, जेवतील, फोटोत उभे राहतील. नाहीतर कोणी नाही. आईसुद्धा नाही. मी विचारलं, गाडीनं तुमचं काय बिघडवलं? तर म्हणाले — शब्द जसेच्या तसे सांगते — तू जाय, तुले कोण थांबवून राहिलं, पण माह्या भावाची गाडी त्या वस्तीत त्या दारापुढं उभी राह्यलेली मी लोकांले दाखवणार नाही. म्हणजे मी गेलेली चालते. मी दिसत नाही नं रस्त्यावरून. गाडी दिसते, तिच्या नंबरवरून कळते कोणाची आहे.

मी आईकडं पाहिलं. आई पोळी लाटून राहिली होती. मला एवढंच पाहिजे होतं की तिनं लाटणं थांबवावं. बाकी काही बोलली नसती तरी चाललं असतं. तिनं पोळी तव्यावर टाकली, पलटवली, फुगली, माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली. खरं सांगते, मी रात्रभर विचार केला की करून टाकू सही. आई तिथं उभी राहील, निळी पैठणी नेसून, एवढ्यासाठी मी गाडी काय, काहीही सोडलं असतं. सकाळी उठून मी हो म्हणणारच होती. आणि बाहेर आली तर समजलं की तुम्हाला कालच फोन केला आहे, मी उत्तर द्यायच्या आधी. माझं हो त्यांनी माझ्या आधीच विकलं होतं.

ऐकलं का? आवाज बंद झाला बघा एक. कूलर बंद केला त्यांनी. मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, नागपुरात कोणी कूलर बंद करते का, भाऊ? मी काय बोलून राहिली ते नीट ऐकू यावं म्हणून घामात बसले आहेत तिघं. बरं झालं. मला ओरडावं लागणार नाही.

मोठेबाबा, सही मी करणार नाही. काल तुम्ही विचारलं होतं, आज सांगून राहिली. गाडी मी नेणार, सीट लावून, रंग पुरा करून, आणि ती इंदोऱ्यात उभी राहील, दारासमोर, नंबर दिसेल अशी. तुम्ही नका येऊ शुक्रवारी. आत्या, तू नको येऊ. साक्षीदार आमच्या कॉलेजातले येतील, त्यांनी काही अट नाही घातली. आणि आई — तू या दोघांच्या मागं बसली आहेस, मला माहीत आहे — तुझ्या येण्याची किंमत मी देणार नाही. तुला यायचं असेल तर तशीच ये. विकत मी तुला आणणार नाही.

उठा, भाऊ. चावी माझ्याकडे आहे आणि ती मी देत नाही. मघापासून त्यांचं सारखं चाललं होतं नं आत, पोरीकडं लक्ष देऊ नका, पोरीकडं लक्ष देऊ नका? थांबा, जाऊ नका एक मिनिट. ऐका.

काहीच नाही. तिघंही आहेत तिथं.

जा तुम्ही. त्या बाजूनं जा, सीट ओली आहे.