खोट्या नळीचा खरा धूर

न्हाई न्हाई वकीलसाहेब, लावीत न्हाई असं कुठं म्हनलं मी? लावतो की! तुमच्या फियाटला मागं सायलेन्सरची एक नळी हाय, तशीच दुसऱ्या अंगाला आनखी एक पायजे, निकेल केलेली, चकचकीत — लावतो. पन आधीच सांगून ठिवतो, ती नुसती दाखवायची. आतनं बंद. इंजनाचा आन तिचा काडीचा संबंध न्हाई. — काय म्हनता? तिच्यातनं बी धूर निघंल असं कायतरी करू? बसा. आधी त्या टायरवर बसा. पँट मागनं झटका, पन बसा.

धूर काढलाय मी. ह्याच हातानं. सबंध संगमनेरात खोट्या नळीतनं खरा धूर काढलेला एकच मिस्त्री, तो म्हंजी हा बन्सी. सत्तर सालची गोष्ट. आमचा दोस्त गोरक्षनाथ — ऊस झकास, बापाची जुनी अँबेसिडर, डोक्याला तेल — त्याला कर्जतकडचं स्थळ सांगून आलं. पोरगी मॅट्रिक पास! गोरक्ष सातवीतनं भाईर पडलेला, तो घाबरला. पुन्याला एका हाटेलाम्होरं त्यानं दोन नळ्यांची परदेशी गाडी बघितली हुती. आला माझ्याकडं — बन्स्या, दुसरी नळी लाव, पोरीकडची मानसं गार झाली पायजेत. लावली. अशी लावली, तुमी डोळं लावून बघितलं तरी खरी कुठली न खोटी कुठली कळनार न्हाई. आन गाडी वाटंत बंद पडती म्हनून मला बी संगं घेतलं.

मानसं गार झाली, खोटं कशाला बोलू? पन पोरीचा मामा, कारभारी त्याचं नाव, मिलिटरीत ट्रक चालवून आलेला. तो वाकला, एका नळीला बोट लावलं — चटका! दुसरीला लावलं — गार. "पाव्हनं, ही गार कशी हो?" गोरक्ष म्हनला, "ती थंड हवेची." मामा "हं" म्हनला. एवढंच. पन मिलिटरीतल्या मानसाचं "हं" म्हंजी काय असतंय, तुमाला कोर्टातलं ठावं असंल.

मी आपला भाईर गाडीपाशी उभा. पोरगी आली, चांगुना, हातात पान्याचा तांब्या. म्हनली, "तुमी उन्हात का? आत बसा की." म्हनलं, मी मिस्त्री हाय. तर म्हनती, "मिस्त्र्याला तान लागत न्हाई व्हय?" — आन आत आमच्या गोरक्षनं तिला एकच प्रश्न इचारला. काय? "गाडी लागती का? उलटी हुती का?" सांगा आता. मॅट्रिक पोरगी!

तरी पसंती झाली. पुढल्या हप्त्यात सुपारी फोडायची ठरली. गोरक्षला मामाच्या त्या "हं"नं झोप येईना — बन्स्या, दुसरी नळी गरम पायजे, धूर पायजे. मी डोकं चालवलं. खोट्या नळीत नारळाचा काथ्या, वर ऊद. गावाअलीकडच्या ओढ्यावर गाडी थांबवली, नळी भरली, काडी लावली, आन निघालो. काय धूर, काय धूर! खऱ्या नळीपरीस जास्ती! वेशीपासनं मानसं मागं पळायला लागली. अंगनात गाडी हुभी केली, मामा नुसता बघत ऱ्हायला. गोरक्षनं ऐटीत चावी फिरवून इंजन बंद केलं.

खरी नळी गप झाली. खोटी चालूच!

गोरक्ष चावी काढतोय, परत घालतोय, फिरवतोय — नळी आपली सोडतीय. भकाभका. सगळ्या अंगनात ऊदाचा वास. पोरीची आजी बनुबाई भाईर आली, दोन्ही हातांनी धूर तोंडावर घेतला, नमस्कार केला, म्हनली, "कुठल्या देवाची म्हनायची गाडी?" मामा म्हनला, "पाव्हनं, इंजन बंद हाय न्हवं?" "हाय." "मग ही कशावर चालतीय?" मी फडकं कोंबायला नळीपाशी वाकलो, तेवढ्यात चांगुना सगळ्यांना बाजूला सारीत आली, कळशी घेऊन, आन दिली वतून. फस्सकन्! सगळा कोळसा, राख, काळं पानी — माझ्या तोंडावर. आन ती हसली. अहो पदर तोंडाला लावून, खाली बसून हसली! मग म्हनली, "कुनी केलं हे?" म्हनलं, मी. तिनं वाकून नळी जिथं जोडली हुती त्या डागावरनं बोट फिरवलं. "डाग लई सफाईनं घातलाय. डोकं मातुर घरी ठिवून आलात."

मोडलं. तिथंच मोडलं. परत जाताना गोरक्षनं नळी उपटून ओढ्यातच टाकली. त्याचं बरं चाललंय आता, कोपरगावची केली, तिला गाडी लागती. आन महिन्यानं कारभारीमामा आला ना हिथं! म्हनला, "पंपाला डाग घालायचाय." पंप दाखवला, मग माझं घर बघितलं, मग आईशी बोलत बसला. वैशाखात लगीन. — कुनाचं म्हंजी? माझं! तीच की आमची मंडळी.

चूक कुठं झाली म्हनता? काथ्याच्या मापात. गोरक्ष म्हनत हुता, मूठभर घाल, दारात पोचंपत्तुर पुरंल. त्याचं बरोबर हुतं. मी जरा जास्ती घातला. चुकून. — न्हाई, चुकूनच. — आता तुमी असं बघू नका वकीलसाहेब, हे काय कोर्ट न्हाई. बरं, जरा म्हंजी... अर्धं पोतं. गोरक्ष ओढ्यावर तोंड धूत हुता तवर, काठीनं ठासून. व्हय, दोस्ताचं लगीन! पन "उलटी हुती का" इचारनाऱ्याच्या घरी ती पोरगी जायची म्हंजी — माझा हातच थांबंना. हिला ठावं न्हाई हां. हिला वाटतंय, माझा अंदाज चुकला. "येंधळं हाईत म्हनून केलं तुमाला," असं म्हनती, आन मी आपला येंधळा म्हनून सुखात हाय. तुमी वकील मानूस, तुमच्या पोटात ऱ्हाईल म्हनून—

का? माझ्या मागं काय बघताय?

...कवा आलीस गं? न्हाई, आमचं आपलं नळीचं... कुठपासनं ऐकलंस?

वकीलसाहेब, उठा. न्हाई, आज न्हाई. उद्या बी न्हाई. एक नळी लई झाली तुमाला. निघा म्हनतो ना — हिनं पान्याची कळशी उचललीय, निघा तुमी!