गच्चीवरचे बोंबील

विचुंब्याच्या बसच्या रांगेत मनस्वीच्या पुढे एक म्हातारा नातीला घेऊन उभा होता. त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीच्या दारावरून काढून आणलेला कागद नातीच्या हातात होता.

"पूर्वे, परत वाच. सोसायटीवाल्यांनी काय लिवलंय?"

"गच्चीवर बोंबील वाळत घालून इतरांना ॲनॉय करू नका."

"ॲनॉय म्हंजे?"

"त्रास देणं, आजोबा."

"मी कोनाला हात तरी लावला का?"

"तसा त्रास नाही. वैताग आणणं."

"कोनाच्या दारात तरी गेलो का?"

"तुम्ही नाही, पण वास जातो ना."

"आमच्या शेतावर ही बिल्डिंग उठत होती, तवा चार वर्सं धूल आमच्या ताटात पडली. त्याला पन ॲनॉयच बोलायचं?"

"हो, त्यालाही."

"मंग आपन कागद का नाय लावला?"

"आपल्याला हा शब्द कुठे माहीत होता?"

"बरं. वास कोनाच्या घरात जातो ते इचारून ये. बोंबील सुकले की पयले त्याच्याच घरी नेऊन देतो."

"आजोबा, त्यालाच ॲनॉय करणं म्हणतात."

"घरी नेऊन दिलं तरी?"

बस आली. म्हातारा कागदाकडेच बघत राहिला. मनस्वीला 'पुढे सरका' म्हणायचं होतं, पण तेही ॲनॉय करणंच होईल असं वाटून तिला ते म्हणवेना.