दहाव्याला तोडलेलं फळ

धुळ्यातल्या फळ-प्रयोगशाळेत दिपमाला आपल्या पेरूंच्या अहवालासाठी बाकावर ताटकळत होती. समोर सुपडूआबा मुठीएवढं हिरवं सफरचंद दोन्ही हातांत धरून उभे होते. टेबलापलीकडे तपासणारी पुनम, हातात सुरी.

"आबा, इतकं कच्चं का तोडलं?"

"बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना, बेटा. झाड तिनंच लावेल शे. पळत गेलो, तोडलं, पिंडाजवळ धरलं अन् बोललो, तुझं फळ पिकवून लेकीला खाऊ घालीन. तवा शिवला."

"मग?"

"केळीसारखं पेंढ्यात पिकत घातलं. आठ दिन झाले, जसंच्या तसं."

"केळी तोडल्यावर पिकते, आबा. सफरचंद फार कोवळं तोडलं तर नुसतं मऊ पडतं, गोड होत नाही."

"हे होई का नही, तितकं सांग."

"आत पिष्ट भरलंय का ते पाहावं लागेल. कापून औषध लावलं की भरलेला भाग काळानिळा होतो. भरलं असेल तर गोडी येईल."

"कापलेल्याला येई?"

"नाही. कापलं की संपलं."

सुरी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. दिपमाला मान वर करून म्हणाली,

"झाड आहे ना, आबा? पुढच्या वर्षी नीट पिकल्यावर तोडा. लेकीला तेव्हा द्या."

"झाड शे ना. पुढल्या साली बठ्ठं झाड फळांनी भरी."

"मग झालं तर."

"पण पाखरांनी टोचू नये म्हणून, ह्याच फळाला तिनं लुगड्याचं फडकं बांधेल व्हतं."