उलट्या तारा

रनाळ्याच्या एसटीत सीमाला खिडकी मिळाली. मागच्या बाकावर नवरा-बायको येऊन बसले. नवऱ्याच्या डाव्या हाताला पट्टी होती आणि बायकोच्या मांडीवर लाल इलेक्ट्रिक गिटार.

"लोके दवाखानामा डबा लयतस. तू गिटार लयनी?"

"घर गयावर तुमी तिले हातच नही लावतात. म्हनीसन बसमाच दखाडी ऱ्हायनू."

"अनि ह्या तारा? जाडी खाल, बारीक वर! सगळ्या उलट्या कोनी करात?"

"मी. मोबाईलमा दखं, इळाले धार लावानी कानसघाई तारा बसाडाना खाचा मोठ्या करात. गळाना पट्टाना स्क्रूबी दुसरी बाजूले लावा."

"स्वस्तनी व्हती, पन मन्ही व्हती. वाट लाई दिनी तू."

"पैले आयकी तं ल्या."

"काय आयकू? डावा हातना दोन बोटे चाराना कुट्टी मशीनमा गयात. आते तारा कशाघाई दाबू?"

"उजवा हातघाई. तठे पाची बोटे शेतस ना?"

"अनि डावा हात काय करी?"

"तार छेडी. तेले आंगठा पुरे."

मागे गिटार बाकाला घासत नवऱ्याकडे सरकली. सीमा वळून बघणार, तोच एक तार वाजली. चिरकी, झणझणती.

"हाई बारीक तार झणझणी ऱ्हायनी."

"मन्हाघाई इतलंच जमनं."

"जाडी तारनी जुनी खाचमा बशाडी तू हिले. ती खाच खावाना सोडा अनि फेव्हिक्विकघाई भरनी पडी. घरमा शे का?"

"दोन्ही शेतस. तेवढं काम तुमनासाठे ठेयेल शे."