कमोडमागची भिंत

किर्स्ती : हाही नको? बाबा, सकाळपासून आपण या बाथरूममध्ये उभे आहोत. पांढऱ्यासारखा पांढरा रंग, त्याचा किती कीस काढायचा?

आर्वो : हा पांढरा नाही. साय काढलेलं दूध आहे. निळसर मारतंय.

किर्स्ती : बरं, मग हा बघा. कापसाचा पांढरा म्हणतात याला.

आर्वो : आण इकडे. अंहं. गेला.

किर्स्ती : गेला म्हणजे?

आर्वो : गेला म्हणजे गेला. पुढचा दे.

किर्स्ती : आणि दर वेळी रंगाचं कार्ड घेऊन कमोडच्या टाकीपाशी काय वाकताय? कंबर धरेल अशानं. रंग भिंतीला द्यायचाय, कमोडला नाही.

आर्वो : तुला एवढी घाई असेल तर तू जा परत कॅलगरीला. घर काय पळून चाललंय?

किर्स्ती : घर नाही पळत, गिऱ्हाइकं पळतायत. एजंट बाई तुमच्यासमोरच म्हणाली ना? लोक सगळं घर बघून खूश होतात, आणि हे दार उघडलं की तोंड वाकडं करतात. एवढीशी खिडकी, त्यात चारही भिंती काळ्यानिळ्या, वर ती लालभडक सीट. खरं सांगू? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं, बाबांचं डोकं फिरलं.

आर्वो : मला कुठे हौस होती. घरी येणाऱ्या नर्सनं सांगितलं म्हणून केलं.

किर्स्ती : माहितेय मला.

आर्वो : तुला फोनवरून जेवढं कळलं तेवढं माहितेय. पांढरी भिंत, पांढरी फरशी, पांढरा कमोड. तुझ्या आईला त्यात काही म्हणजे काही दिसेना. डोळे ठणठणीत, पण त्या विसरण्याच्या आजारात कमोड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेच डोक्यात शिरेना. इथे मधोमध उभी राहायची, गाऊन मुठीत धरून. मला हाक मारायची लाज वाटायची तिला. मग एक दिवस अंदाजानं बसायला गेली आणि खाली आपटली.

किर्स्ती : बाबा, राहू दे ना आता ते.

आर्वो : राहू दे कसं? मी हा निळा लावला, सीट बदलली, आणि दुसऱ्याच दिवशी हेल्मी आपली आपण आत गेली, आपली आपण बाहेर आली. हात धुऊन. मला म्हणते, आर्वो, कॉफी ठेव. जसं काही झालंच नव्हतं. तो अख्खा हिवाळा बरा गेला आमचा.

किर्स्ती : अख्खा कुठे? फेब्रुवारीत अंगणातल्या सौनाची वाफेची खोली तापवायला म्हणून पहाटे अनवाणी बाहेर पडली ती. शेजारच्या रित्वानं पाहिलं नसतं तर बर्फातच राहिली असती. म्हणून तर तिला केअर होममध्ये ठेवावं लागलं.

आर्वो : ते वेगळं. दाराला वरच्या बाजूला कडी लावली की ते थांबतं. आणून ठेवलीय मी कडी.

किर्स्ती : कडी? आता कशाला?

आर्वो : पुढचा दे म्हटलं ना.

किर्स्ती : बाबा, माझ्याकडे बघा. आपलं ठरलंय. हे घर विकायचं, होमच्या समोरच्या इमारतीत तुम्हाला खोली घ्यायची, म्हणजे बर्फात गाडी काढायला नको. तुम्हीच हो म्हणालात.

आर्वो : म्हणालो. आताही नाही म्हणत नाहीये. पण विकेपर्यंत घर आपलंच ना? उन्हाळ्यात तिला जरा बरं वाटलं, चार दिवस घरी यावंसं वाटलं, तर? यात बघ ना, थोडा मळकट, राखाडीकडे झुकणारा एखादा पांढरा असेल. तुझ्या एजंट बाईला पांढरा दिसला पाहिजे, आणि कमोड त्याच्यावर उठून दिसला पाहिजे. बास, एवढंच.

किर्स्ती : म्हणून टाकीला लावून बघत होतात.

आर्वो : मग तुला काय वाटलं, चळ लागलाय मला? हे बघ. हा धरला की टाकीची कड दिसेनाशी होते. म्हणजे गेला. हाही गेला. हा त्यातल्या त्यात बरा आहे, वाळूसारखा. हा चालेल ना तुझ्या बाईला?

किर्स्ती : तुम्ही जरा बसा. टबाच्या कडेवर बसा.

आर्वो : चालेल की नाही तेवढं सांग.

किर्स्ती : बाबा, आई आता टॉयलेटला जात नाही.

आर्वो : म्हणजे?

किर्स्ती : म्हणजे नेतच नाहीत तिला. ती पाय टेकत नाही. काल तुम्ही कॉफी आणायला खाली गेलात ना, तेव्हा दोघीजणी आल्या. मशीनला झोळी टांगलेली असते, तिच्यात उचलतात, डायपर बदलतात, परत पलंगावर ठेवतात. ईस्टरच्या आधीपासून हे असंच चाललंय म्हणे.

आर्वो : कोण म्हणालं?

किर्स्ती : तिथली मुख्य नर्स. म्हणाली, तुमचे वडील रोज न चुकता येतात, पण आम्ही आत आलो की उठून जातात. काही सांगायला गेलं तर बर्फपाण्याच्या गोष्टी काढतात.

आर्वो : बायकांची कामं ती. मी कशाला उभा राहू तिथे?

किर्स्ती : तुम्हाला माहीत होतं.

आर्वो : कपाट उघडं असतं. पाकिटं दिसतात. मला वाटलं, रात्रीपुरती ठेवली असतील. खबरदारी म्हणून.

किर्स्ती : नाही, बाबा.

आर्वो : ती मुलगी यायची ना तिला चालवायला? वेणीवाली.

किर्स्ती : तिचं येणं बंद केलंय. आई घरी येणार नाहीये. या उन्हाळ्यात नाही आणि पुढच्याही नाही. मला हे तुम्हाला इथे, असं सांगायचं नव्हतं हो.

(आर्वो हातातली कार्डं नीट एकावर एक ठेवतो आणि बेसिनच्या कडेला सरकवतो.)

आर्वो : गडद आहे हा निळा. एका हातात झाकला जायचा नाही.

किर्स्ती : आधी प्रायमर मारीन. मग वर दोन हात देईन. कळणारसुद्धा नाही.

आर्वो : कोपऱ्यात कळेल. घाईत लावला होता मी, तिथे जाड बसलाय.

किर्स्ती : घासून घेईन. कुठला आणू ते तरी सांगा. तो वाळूसारखा आणू का? माझी काही हरकत नाही, खरंच.

आर्वो : कशाला? तो कोंदट दिसेल. सगळ्यात पांढरा आण. उजेड पडेल असा. लोकांना आवडेल.

किर्स्ती : कोट कशाला घातलात? तिच्याकडे निघालात? थांबा, मी येते.

आर्वो : नको, तू कामाला लाग. कमोडमागची भिंत आधी कर. मी यायच्या आत.

किर्स्ती : करते. तिला रंगाचं सांगाल, बाबा?

आर्वो : रोज सांगायचो, बाथरूम आहे तशीच आहे, काळजी करू नकोस म्हणून. आज काही सांगायचं नाही. नुसता बसेन.

किर्स्ती : आणि त्या दोघी आल्या तर?

आर्वो : तरी बसेन.